मुसीचा पूर आणि २२१ फुटलेले तलाव

हैदराबादच्या अफजलगंज भागात, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच उभी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला तेव्हा सुमारे दीडशे माणसे या झाडावर चढली आणि तेवढीच त्या भागात वाचली, असे सांगतात. दरवर्षी त्या तारखेला शहरातली काही मंडळी झाडाखाली जमतात, चार शब्द बोलतात आणि पांगतात. हैदराबादच्या जुन्या बोलीत या पुराला ‘तुग्यानी’ म्हणतात.

मराठी वाचकाला १९०८ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी २२ जुलैला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या गदारोळात दोन महिन्यांनी आलेला मुसीचा पूर आपल्या आठवणीत राहिला नाही. खरे तर तो परमुलखातला पूर नव्हता. मराठवाड्याची राजधानी तेव्हा हैदराबाद हीच होती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडकडची माणसे वकिलीसाठी, नोकरीसाठी, दाव्यांच्या तारखांसाठी तिथे जात-येत, राहत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने तिथल्या मराठी मंडळींनी विवेक वर्धिनी शाळा सुरू केली ती १९०७ साली, म्हणजे पुराच्या आदल्याच वर्षी. तेव्हा हा पूर आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

पण हा लेख केवळ विस्मृतीत गेलेल्या एका आपत्तीची आठवण म्हणून लिहिलेला नाही. या पुराविषयी जे वाक्य सर्वत्र वाचायला मिळते ते असे : ‘ढगफुटी झाली आणि मुसीला महापूर आला.’ हे वाक्य चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे पुढच्याच वर्षी एका अभियंत्याने आकड्यांत मांडून ठेवले आहे. ते बाजूला ठेवून नुसत्या ढगफुटीवर थांबणे कुणाच्या सोयीचे असते, हा प्रश्न मला या अभ्यासात सारखा पडत गेला.

१

आधी घटना. मुसी ही अनंतगिरीच्या टेकड्यांत, विकाराबादजवळ उगम पावते. हैदराबादच्या थोडे वर तिला ईसी नदी मिळते आणि मग ती शहराच्या मधोमध वाहत जाऊन पुढे कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून माणसे चालत पलीकडे जात. अशा नदीची भीती वाटत नाही, आणि भीती वाटत नाही म्हणून वस्ती तिच्या काठाशी सरकत राहते. पुराच्या आठवणी नव्हत्या असे नाही. १८३१ साली पूर आला होता, १९०३ सालीही आला होता. म्हणजे शेवटचा इशारा अवघ्या पाच वर्षांपूर्वीचा होता.

पंचांग मांडून पाहिले तर १९०८ च्या सप्टेंबरात अमावास्या २५ तारखेला येते. म्हणजे नवरात्र नुकतेच बसले होते आणि रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. शहरातल्या दोन्ही समाजांच्या घरी व्रत-उपासाचे दिवस होते. पाऊस लागून राहिला होताच. २७ तारखेच्या रात्री त्याने जोर धरला आणि सोमवारी, २८ तारखेला, उत्तररात्रीपासून नदी काठ सोडून वस्त्यांत शिरू लागली. शहराच्या नैर्ऋत्येला शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला.

नदीवर तेव्हा चार पूल होते. त्यांपैकी तीन गेले. कुतुबशाहीत १५७८ साली बांधलेला पुराना पूल मार खाऊन का होईना, पण उभा राहिला. अफजलगंजचे जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाले. शहराच्या तटबंदीचा काही भाग कोसळला. जो तट शत्रूला अडवण्यासाठी बांधला होता त्याच्या आश्रयाला पुराच्या रात्री पुष्कळ माणसे गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तट कोसळण्याचा अर्थ कळतो. सुमारे १९,००० घरे पडली आणि ८०,००० माणसे बेघर झाली.

उर्दूतील नामवंत रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेली. ते एकटे वाचले. पुढे त्यांनी या पुरावर जी कविता लिहिली तिचे नाव ‘कयामत-ए-सुग्रा’, म्हणजे धाकटी कयामत. इतिहासात हजारांचे आकडे येतात, तेव्हा त्यांतले एक घर तरी नावानिशी माहीत असावे, म्हणून हा उल्लेख.

निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांचे दरवाजे पूरग्रस्तांसाठी उघडले, अन्नछत्रे घातली. त्यांनी नदीची पूजा केली, तिला साडी-नारळ वाहिला आणि मग पाणी ओसरले, अशी आख्यायिका हैदराबादेत अजून सांगतात. तिची शहानिशा करण्यात मला रस नाही. याच राजाने काही महिन्यांत देशातला सर्वांत नावाजलेला अभियंता बोलावून घेतला, हे मात्र निश्चित आहे.

२

किती माणसे गेली? सर्वत्र छापला जाणारा आकडा १५,००० आहे. काही ठिकाणी तो ५०,००० पर्यंत नेलेला आढळतो. मी शिरगणतीचा आधार घेता येतो का ते पाहिले. १९०१ साली शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ४८ हजार होती आणि १९११ साली ती सुमारे ५ लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या वाढलेलीच दिसते. पूर मध्ये कुठे उमटतच नाही. शिरगणती दहा वर्षांनी होते. दरम्यान खेड्यांतून माणसे शहरात येत राहतात आणि गेलेल्यांची जागा भरून निघते. १५,००० हा आकडा जरी धरला तरी दर तीस माणसांमागे एक माणूस एका दिवसात गेला, असा त्याचा अर्थ होतो. अभ्यासकाने इथे एक धडा घ्यावा : रकाना भरलेला आहे म्हणून त्याच्या मागे काही घडलेच नाही, असे समजू नये.

नदीचे आकडे मात्र अधिक बोलके आहेत, आणि ते आपल्याला मिळतात ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यामुळे.

विश्वेश्वरय्या म्हैसूरचे खरे, पण त्यांची जडणघडण महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ साली अभियंता झाले आणि पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खानदेशात पांझरा नदीच्या परिसरात त्यांनी सुरुवातीची कामे केली. तिथेच पावसाळी नदीचा स्वभाव त्यांनी जवळून पाहिला. खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ च्या सुमारास सुरू झाले. पाणी ठरावीक पातळीला चढले की ते आपोआप उघडत आणि पूर जाऊ देत. पातळी उतरली की मिटत. त्यामुळे धरण न वाढवता साठा वाढला. १९०८ साली ते सरकारी सेवेतून मोकळे होण्याच्या बेतात होते आणि परदेशप्रवासात होते. तिथे त्यांना निजाम सरकारचे बोलावणे पोचले. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी अहवाल देऊन म्हैसूरच्या सेवेत गेले.

त्यांनी पुराचा सर्वांत मोठा विसर्ग काढला तो सेकंदाला ४ लाख २५ हजार घनफूट, म्हणजेच सव्वाचार लाख क्युसेक. शहराच्या वर मुसी-ईसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल. आणि तिसरा आकडा, ज्यासाठी हा लेख लिहिला, तो असा : या पाणलोटात ७८८ तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले.

३

मी अभियंता नाही. पण शालेय गणिताने होईल तेवढा हिशेब करून पाहता येतो. शमशाबादचा २४ तासांचा १२.८ इंच पाऊस सगळ्याच्या सगळ्या ८६० चौरस मैलांवर तेवढाच पडला असे धरू. त्यातला थेंबही जमिनीत मुरला नाही असे धरू. आणि तो २४ तासांत सारख्या वेगाने वाहून गेला असेही धरू. तरी नदीतला विसर्ग निघतो सुमारे २ लाख ९६ हजार क्युसेक. प्रत्यक्षात नोंदला गेला सव्वाचार लाख.

यातून लगेच निष्कर्ष काढायला नको. पाऊस चोवीस तास एकाच जोराने पडत नाही. काही तास तो फार दाट असतो आणि पुराचा उच्चांक त्या तासांचा असतो. म्हणून या फरकाला पुरावा म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहा : मी धरलेल्या तिन्ही गोष्टी पुराच्या पारड्यात वजन टाकणाऱ्या आहेत. सर्व पाणलोटावर सारखा आणि कमाल पाऊस पडणे कठीण, काही पाणी मुरणार, काही वाटेत अडणार. तरीही सरासरी आणि उच्चांक यांत एवढे अंतर राहते. पाणी कुठेतरी आधी साचले आणि मग एकदम सुटले, ही शंका घ्यायला तेवढे पुरे आहे. ते साचण्याच्या जागा किती होत्या तेही आपल्याला ठाऊक आहे : ७८८.

हे तलाव कसे होते ते समजून घेतले पाहिजे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत आणि बेसाल्टच्या खडकात शेती विहिरीवर चाले. तेलंगणचा मुलूख ग्रॅनाइटचा, मातीचा थर पातळ, जमीन लाटांसारखी चढ-उताराची. तिथे दोन टेकाडांमधल्या घळीला मातीचा बांध घातला की तलाव होतो. काकतीय राजांच्या काळापासून ही विद्या तिथे रुजली. रामप्पा, पाखाल यांसारखे मोठे तलाव तेव्हाचे. एकाच ओढ्यावर वरून खाली असे तलाव बांधत जात. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्यात, खालचा भरला की त्याच्या खालच्यात. तेलुगूत अशा तलावांना ‘गोलुसुकट्टू चेरुवु’ म्हणतात. गोलुसु म्हणजे साखळी. आपल्याकडे भंडारा-गोंदिया भागातले मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

नेहमीच्या पावसात ही साखळी पूर कमी करते. प्रत्येक तलाव थोडे पाणी धरतो, थोडे उशिरा सोडतो. शेकडो वर्षे शेती आणि पिण्याचे पाणी या साखळीने दिले. तिला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. पण मातीच्या बांधाचा एक धर्म आहे. सांडव्याच्या कुवतीपेक्षा जास्त पाणी आले आणि ते बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले, की ते बाहेरच्या उताराची माती धुऊन नेते. उतार खचत खचत घळ माथ्यापर्यंत पोचते आणि मग बांध टिकत नाही. चार महिने भरत आलेला तलाव तासा-दोन तासांत रिकामा होतो. हे पाणी खालच्या तलावात येते तेव्हा तोही आपल्या वाट्याच्या पावसाने काठोकाठ भरलेला असतो. त्याने आता पाऊसही सोसायचा आणि वरचा तलावही. तो फुटला की तिसऱ्यावर दोघांचा भार. साखळीचा गुण असतो तोच इथे अवगुण होतो.

त्यात महिना सप्टेंबरचा. परतीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेला सरकतात आणि दख्खनच्या पठारावर मोठा पाऊस पाडतात. जूनमध्ये हाच पाऊस पडला तर रिकामे तलाव आणि तहानलेली जमीन त्यातला बराच गिळतात. सप्टेंबरअखेर तलाव भरलेले असतात, जमीन तृप्त असते. तेव्हा किती पाऊस पडला एवढेच विचारून भागत नाही. कधी पडला आणि त्या वेळी रिकामी जागा किती होती, हेही विचारावे लागते.

पुणेकरांना साखळी समजावून सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे, काम पूर्ण न झालेले मातीचे धरण फुटले. ते पाणी खालच्या खडकवासल्यावर आले आणि ऐंशी वर्षे उभे असलेले ते दगडी धरणही गेले. नदीकाठचे पुणे बुडाले. १९०८ साली जे २२१ ठिकाणी घडले तेच १९६१ साली दोन ठिकाणी घडले. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले होते ते फुटले तेव्हा ते हयात होते. शंभरीच्या उंबरठ्यावर होते.

४

विश्वेश्वरय्यांनी असा पाऊस पुन्हा पडू शकतो हे गृहीत धरले. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. ‘शंभर वर्षांत असे झाले नव्हते’ हे वाक्य प्रत्येक पुरानंतर ऐकू येते आणि पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहायची मुभा देते. त्यांनी ती मुभा घेतली नाही. शहराच्या वर मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय बांधावेत, पुराचा उच्चांक तिथे धरून ठेवावा आणि नदीला झेपेल एवढेच पाणी खाली सोडावे, अशी त्यांची योजना होती. जोडीला काठांची सुधारणा आणि शहराची गटारयोजना.

१९११ साली मीर महबूब अली खान वारले. त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. नदीकाठी उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय या इमारती उभ्या राहिल्या. आज हैदराबादचे वैभव म्हणून जे दाखवतात त्यातले पुष्कळसे या पुराने मोकळ्या केलेल्या जागेवर उभे आहे.

आता आणखी एक छोटा हिशेब. उस्मानसागरची साठवण सुमारे ३.९ अब्ज घनफूट, हिमायतसागरची सुमारे २.९७ अब्ज. दोन्ही पूर्ण रिकामे असतील आणि १९०८ च्या उच्चांकाएवढा पूर आला, तर ते किती वेळात भरतील? साडेचार तासांत. उच्चांक फार वेळ टिकत नाही, म्हणून हे साडेचार तास बहुमोल आहेत. पुराचे शेंडे तेवढ्यात छाटले जाऊ शकतात. पण हे केव्हा? जलाशय रिकामे असतील तेव्हा.

आणि इथेच पेच आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर हैदराबादला पिण्याचे पाणीही देऊ लागले. पाणीपुरवठ्यासाठी तलाव भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा. पूर पिढीतून एखादा येतो; तहान रोज लागते. त्यामुळे रिकामी ठेवलेली जागा म्हणजे वाया घालवलेली जागा, असे हळूहळू सगळ्यांना वाटू लागते. यात कुणी दुष्ट असावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा कोयना कधी आणि किती सोडायला हवी होती, अलमट्टीची पातळी किती ठेवायला हवी होती, यावर जो वाद झाला तो मुळात हाच होता. १९०८ साली पुण्यात शिकलेल्या एका अभियंत्यापुढे जो प्रश्न होता तो शंभर वर्षांनी कृष्णाकाठी तसाच उभा राहिला.

५

हैदराबादने या दोन जलाशयांसाठी १९९६ साली एक चांगला निर्णय घेतला होता. जलाशयांच्या भोवती दहा किलोमीटरच्या टापूत प्रदूषक कारखाने आणि मोठी बांधकामे होऊ नयेत, असा शासन आदेश निघाला. क्रमांक १११ म्हणून तो तिथे घरोघरी माहीत आहे. त्यात ८४ गावे येत. ‘शहराला आता या पाण्याची गरज उरली नाही’ असे कारण देऊन २०२२ साली ते निर्बंध उठवण्याचा आदेश काढण्यात आला. पाण्याची गरज हा जलाशयांचा एक हेतू होता. दुसरा, खरे तर पहिला, हेतू पूर हा होता. त्या हेतूची गरज संपल्याचे कुणी सिद्ध केले नव्हते. जलाशय कशासाठी बांधले होते हेच विसरले गेले.

आणि हे घडले ते ऑक्टोबर २०२० च्या पुरानंतर दोन वर्षांच्या आत. त्या महिन्यात बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे क्षेत्र काकीनाडाजवळ किनाऱ्यावर चढले आणि हैदराबादवरून पश्चिमेला गेले. शहराच्या पूर्वेला घटकेसर येथे २४ तासांत ३२ सेंटीमीटर पाऊस झाला. बारा इंचांहून जास्त. शमशाबादच्या जुन्या आकड्याच्या अगदी जवळ. त्या आठवड्यात जुन्या शहराच्या दक्षिणेकडचे पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या दोन तलावांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरले. १९०८ शी तुलना करता हानी पुष्कळ कमी होती. पण रीत तीच होती : भरलेली साखळी, उशिराचा पाऊस, मातीचा बांध आणि त्याच्या पायथ्याशी माणसे. वस्तीतल्या बहुतेकांना आपल्या डोक्यावर तलाव आहे याची फारशी जाणीव नव्हती, कारण सांडव्याच्या वाटेवरच घरे झाली होती.

‘ढगफुटी झाली आणि पूर आला’ या वाक्यात पाऊस हा एकटाच कर्ता असतो, आणि पावसाला कुणी जाब विचारत नाही. ‘१२.८ इंच पाऊस झाला, ७८८ पैकी २२१ तलाव फुटले आणि पूर आला’ असे म्हटले की लगेच प्रश्न उभे राहतात. बांध कुणी सांभाळायचे? सांडवे कुणी मोकळे ठेवायचे? वरचा तलाव फुटला तर खालच्या गावाला कोण कळवणार? जागा रिकामी ठेवायचा निर्णय कुणी घ्यायचा, आणि दुष्काळ पडला तर त्याचा दोष कुणी पत्करायचा? हे प्रश्न अवघड आहेत, म्हणूनच पहिले वाक्य लोकप्रिय आहे.

चिंचेखाली दरवर्षी जमणारी माणसे त्या दीडशे जणांची आठवण काढतात. ती काढायलाच हवी. मला वाटते, त्या दिवशी तिथे आणखी दोन आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. या वर्षी मुसी-ईसीच्या पाणलोटात किती तलाव उरले आहेत, आणि त्यांपैकी किती तलावांचे सांडवे मोकळे आहेत. वाचायला दोन मिनिटे लागतील. ते आकडे जमवायला मात्र कुणालातरी वर्षभर हिंडावे लागेल.